काचा धुवायच्या धंद्याला सेकंडहँड टाक्या चालतात का? वापरून बघितल्यावरचं माझं मत

आमचा मुंबईत काचा साफ करायचा धंदा आहे. दुकानांच्या शोकेस, शाळा, दवाखाने, तळमजला अधिक चार मजल्यांपर्यंतच्या बिल्डिंगा, एवढंच काम घेतो. दोरीवर लटकून करायचं उंच काम आम्ही करत नाही. लांब पोल, टोकाला ब्रश, ब्रशमधून पाणी येतं, खाली उभं राहून काच घासायची, धुवायची आणि तशीच सुकू द्यायची, वायपर नाही की फडकं नाही. त्यामुळे ह्या पद्धतीत सगळा खेळ पाण्याचा आहे. पाण्यात क्षार असतील तर काच सुकल्यावर पांढरे ठिपके दिसणारच, म्हणून पाणी आधी आरओमधून आणि मग रेझिनच्या (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) फिल्टरमधून काढून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, जवळपास शून्यावर आणावा लागतो. १०च्या खाली असला तरी काम निघतं, पण आम्ही मीटरवर ००० किंवा फार तर ००२ बघितल्याशिवाय गाडीत पाणी भरत नाही.

आता एवढं शुद्ध केलेलं पाणी ठेवायचं कशात, तर टाकीत, आणि नवीन टाक्यांचा खर्च बघून बरेच जण सेकंडहँडकडे वळतात, मीपण वळलो. ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगतो. गाळ्यात ठेवायला सेकंडहँड टाकी एकदम मस्त, पैसे वसूल, पण आधी आत काय होतं ते नक्की माहीत असेल तरच. आणि गाडीत टाकून रस्त्यावर फिरवायला मोठी जुनी टाकी अजिबात नको, फुकट मिळाली तरी नको.

टाकी लागतेच का, असं काही जण विचारतात. लागते. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं आणि आरओ हळू चालतो, तासाला १०० लिटरचं मशीन असेल तर ५०० लिटर व्हायला पाच तास. सकाळी सातला पोरं निघणार, तेव्हा पाणी तयार पाहिजे, म्हणजे रात्रीच भरून ठेवायला हवं. उन्हाळ्यात तलाव खाली गेले आणि पाणीकपात लागली की साठा असलेला माणूसच काम करू शकतो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, भातसा-तानसा-वैतरणाचं पालिकेचं पाणी मुळात मऊ आहे, आमच्या नळाला मीटर ६०-८० दाखवतो. टँकर किंवा बोअरचं पाणी घेतलं की तोच आकडा कितीतरी पट वर जातो आणि रेझिन त्याच प्रमाणात लवकर संपतं, ७० ऐवजी ७०० असेल तर दहापट लवकर. त्यामुळे नळाचं पाणी येईल तेव्हा साठवून ठेवणं हीसुद्धा बचतच आहे, टाकीचा खर्च त्यातूनच निघतो.

बाजारात सेकंडहँडमध्ये मुख्य माल तीन प्रकारचा मिळतो. लोखंडी जाळीतली १००० लिटरची पांढरी टाकी, जिला सगळे आयबीसी म्हणतात. दुसरं म्हणजे निळं २०० लिटरचं पिंप. आणि तिसरी, सोसायट्यांच्या गच्चीवरून उतरवलेली काळी टाकी. साकीनाक्याला खैरानी रोड, कुर्ला, धारावीचं तेरा कंपाउंड, आणि मोठा माल हवा असेल तर भिवंडी, ह्या सगळीकडे मी फिरलोय.

आयबीसीपासून सुरू करतो कारण धंद्याला हीच सगळ्यात सोयीची. खाली पॅलेट असतं, चौकोनी असल्यामुळे भिंतीला चिकटून बसते, वर हात घालून धुता येईल एवढं तोंड, खाली दोन इंची वॉल्व्ह. रिकामी साधारण ६० किलो, दोन माणसं सरकवू शकतात. मला साडेपाच हजारांना पडली, वॉल्व्ह आणि झाकण धड असलेली. जाळीवर एक पत्र्याची पाटी असते आणि प्लास्टिकवर घड्याळासारखा गोल छाप असतो, त्यात बाण महिन्याकडे आणि मधे वर्ष, ते आधी बघा. ३१एचए१ असा कोड असतो, म्हणजे प्लास्टिकची टाकी लोखंडी जाळीत. धोकादायक द्रव भरायला ही टाकी बनल्यापासून पाचच वर्षं चालते, त्यानंतर कंपन्या ती काढून टाकतात आणि तीच आपल्याकडे बाजारात येते. पाण्यासाठी पाच वर्षांनंतरही चालते, प्लास्टिक कडक झालेलं नसेल तर. अंगठ्याने जोरात दाबा, दबून परत यायला पाहिजे. मग आत टॉर्च सोडून बाहेरून बघा, कोपऱ्यांत केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर ती टाकी उन्हात राहिलेली आहे, सोडून द्या.

आता खरा प्रश्न, आत काय होतं. विकणारे सगळे एकच सांगतात, "साबुन का पानी था साब, धो के दिया है." लेबल तर बहुतेक वेळा खरवडून काढलेलं असतं, पण गोंदाची खूण राहते, आणि लाल कडेचा तिरका चौकोन, म्हणजे धोक्याची खूण, चिकटवलेला असेल तर त्याचा कोपरा तरी कुठेतरी राहतोच. कवटी, मेलेला मासा, हातावर सांडणारी टेस्टट्यूब, ह्यातलं काहीही दिसलं तर भाव विचारायच्या भानगडीतच पडू नका. घातक रसायनाची रिकामी पिंपं हा २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, ती परवाना असलेल्याकडेच जायला हवीत, असं असूनही उघड्यावर धुऊन विकली जातात. तिथे जी पोरं हातमोज्याशिवाय, अनवाणी त्या पाण्यात उभी राहून पिंपं धुतात त्यांच्या पायाची कातडी बघवत नाही. माझ्या मते हे एक कारणसुद्धा पुरेसं आहे असला माल न घ्यायला, कारण आपण घेतो म्हणून तो धुतला जातो.

साबणवाली टाकी ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण आपल्या कामाला तीच सगळ्यात त्रासाची. एका गोडाऊनवर चांगली दिसणारी, नवीन छापाची टाकी होती, भावही बरा. मी विकणाऱ्या चाचांना म्हटलं वॉल्व्ह उघडून दाखवा. वॉल्व्हच्या पाकळीमागे, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या चकतीमागे, बोटभर जाडीचा, पिवळसर, काचेसारखा दिसणारा गोळा अडकलेला. हँडवॉश-शाम्पूसाठी जो घट्ट बेस येतो तो हा. चाचा म्हणाले पाणी मारलं की निघेल, आणि पाईप लावून मारलंसुद्धा, तर तो गोळा विरघळायच्या ऐवजी अजून घट्ट झाला, वॉल्व्हमधून लोंबायला लागला. ह्या बेसचं असंच असतं, थोडं पाणी मिळालं की तो जेलसारखा आवळतो, खूप पाणी आणि खूप वेळ दिल्यावरच सुटतो, आणि पाकळी-गॅस्केटच्या खाचेत राहिलेला थेंब पुढे कित्येक दिवस थोडा थोडा पाण्यात उतरत राहतो. काचेवर त्याचा पुसट ढग दिसतो, उन्हात तर स्पष्टच दिसतो, आणि गिऱ्हाईक बरोबर दुपारच्या उन्हात काच बघतं. मी ती टाकी घेतली नाही.

आणि इथेच लोक एका गोष्टीवर फसतात, म्हणून हे नीट वाचा. टीडीएस मीटर टाकीची घाण दाखवत नाही. मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते तेवढं मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. तेल, साखर, ग्लिसरीन ह्यांच्यातून वीज वाहत नाही, आणि साबणातली काही रसायनंही तशीच असतात. म्हणजे तेलकट टाकीत शुद्ध पाणी भरलं तर मीटर खुशाल ००१ दाखवेल आणि काच मात्र खराब होईल. विकणारा मीटर लावून दाखवत असेल तर त्याने फक्त क्षार नाहीत एवढंच कळतं. उलट, शुद्ध पाणी उघड्या टाकीत रात्रभर राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि आकडा एक-दोनने वर जातो, तेवढ्यासाठी घाबरायची गरज नाही. रात्रीत पाच-दहाने वर गेला तर मात्र टाकीत काहीतरी आहे.

मी काय करतो ते सांगतो. टाकी धुऊन झाली की त्यात थोडं शुद्ध पाणी भरून एक रात्र ठेवतो. सकाळी पहिलं पाणी वॉल्व्हमधूनच घ्यायचं, वरून नाही, कारण घाण वॉल्व्हमध्ये असते. पारदर्शक बाटली अर्धी भरून जोरात हलवायची, फेस मिनिटभर टिकला तर साबण आहे. मग एका काचेचे दोन भाग करायचे, मधे चिकटपट्टी लावून, एका बाजूला थेट फिल्टरमधून आलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला टाकीतलं. स्वच्छ काचेवर पाणी चादरीसारखं एकसंध उतरतं, तेलाचा अंश असेल तर चादर फाटते आणि थेंब थेंब होतात. दोन्ही बाजू सुकू द्यायच्या आणि तिरक्या उजेडात बघायच्या. दोन्ही सारख्या दिसल्या तरच टाकी पास. ह्याला खर्च शून्य आहे आणि ह्याच्यापेक्षा भरवशाची टेस्ट मला तरी माहीत नाही. वासाचंही सांगतो, झाकण उघडल्या उघडल्या नाक घालू नका, आधी पाच मिनिटं उघडी ठेवा आणि मग हाताने हवा नाकाकडे ओढून वास घ्या. थिनरसारखा वास असेल तर तो प्लास्टिकच्या आत मुरलेला असतो, कितीही धुवा, जात नाही.

मग चांगली आयबीसी कुठली, तर ज्यात ग्लुकोजचं सिरप किंवा तसलं खायचं काही होतं ती. साखर गरम पाण्यात पूर्ण सुटते, मागे काही ठेवत नाही. आमची तीच आहे, मिठाई-गोळ्यांचा माल करणाऱ्या एका कारखान्यातून थेट आलेली, लेबल शाबूत. दोनदा गरम पाणी, मग साधं पाणी, आणि वॉल्व्ह पूर्ण खोलून आतलं गॅस्केट बदललं. खाद्यतेलाची टाकीसुद्धा लोक खायचीच म्हणून घेतात पण तेल प्लास्टिकला धरून बसतं, मी घेणार नाही.

एक छोटी अडचण फिटिंगची. आयबीसीच्या वॉल्व्हचे आटे जाडे असतात, आपल्या नळाच्या आट्यांशी जमत नाहीत, प्लंबर टेप गुंडाळून बसवायला बघतो आणि ते गळतं. नागदेवी स्ट्रीटला त्याचा वेगळा अडॅप्टर मिळतो, तो आणा, एकदा बसला की विषय संपला.

आता सोसायटीच्या काळ्या टाक्या. मुंबईत जिकडे तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, बिल्डिंग पाडायच्या आधी गच्चीवरच्या टाक्या उतरवतात आणि त्या अगदी कमी भावात निघतात. ह्यांची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे आत फक्त पाणीच होतं ह्याची खात्री, आणि काळी असल्यामुळे उजेड आत जात नाही. पण गच्चीवर वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं असतं. पाईप जिथे बाहेर पडतो त्या भोकाभोवती बघा, तडा तिथूनच जातो. हाताला खडूसारखी पावडर लागली तर टाकीचं आयुष्य संपत आलंय. टाकीवर आयएस १२७०१चा छाप असेल तर बरं, म्हणजे निदान बनवताना तरी मानकाप्रमाणे होती. तळाला क्षाराचा थर असतो, तो सायट्रिक अॅसिडने सुटतो, जे किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. मात्र त्यानंतर लगेच ब्लीचिंग पावडर टाकू नका, आधी भरपूर पाण्याने धुवा, अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि टाकीत वाकलेल्या माणसाला तो थेट लागतो. आणि गोल टाकी विटांवर ठेवायची नाही, तळ पूर्ण टेकला पाहिजे, नाहीतर भरल्यावर तळ मधे लोंबतो आणि फाटतो. आमच्याकडे अशी ५०० लिटरची एक आहे, नळाचं कच्चं पाणी साठवायला, शुद्ध पाण्याला नाही, आणि त्या कामाला तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

निळ्या पिंपांवर फार लिहीत नाही. अरुंद तोंडाचं पिंप आतून धुता येत नाही, दिसतही नाही, त्यामुळे माझ्याकडून नापास. पूर्ण झाकण उघडणारं, रिंगवालं पिंप मिळालं आणि आत काय होतं ते कळलं तर ठीक.

गाडीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, ह्यात कुठलीही सूट नाही. छोट्या हत्तीची (टाटा एस टेम्पोची) वजन न्यायची क्षमता साधारण ७५० किलो, आणि भरलेली आयबीसी १०६० किलो, त्यावर पंप, बॅटरी, पोल आणि दोन पोरं. म्हणून लोक काय करतात, टाकी अर्धीच भरतात, आणि ते तर अजून वाईट. अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक मारला की पुढे येऊन आपटतं, वळणावर एका बाजूला जातं, आणि आत अडवायला मधे पडदे नसतात कारण ती टाकी ह्या कामासाठी बनलेलीच नाही. हायवेवर मधेच रिक्षा आडवी आली तर ते ५०० किलो पाणी तुमचा ब्रेक ऐकणार नाही. जाळीला दोरी बांधली म्हणजे झालं असं नाही, जाळी पॅलेटला फक्त काही स्क्रूंनी धरलेली असते. पुढच्या सीटवर आपलीच पोरं बसलेली असतात, त्यांच्या पाठीमागे हे असं ओझं मी ठेवणार नाही, कितीही पैसे वाचत असले तरी.

गाडीसाठी आम्ही ५० लिटरचे कॅन वापरतो, गळ्यापर्यंत भरून, म्हणजे आत पाणी हलायला जागाच राहत नाही, आणि पट्ट्याने गाडीच्या हुकांना बांधून. पंप एका कॅनमधून दुसऱ्यात फिरवावा लागतो, तेवढा त्रास आहे, पण जिथे गाडी लावायला जागा नाही अशा दादरच्या गल्लीत कॅन हातगाडीवर टाकून नेता येतो, हा फायदा मोठ्या टाकीत कुठे मिळणार. एका माणसाला दिवसाला ३००-४०० लिटर पाणी लागतं, त्या हिशोबाने कॅन ठेवा. हे कॅन मात्र आम्ही नवीन घेतले, कारण अरुंद तोंडाच्या जुन्या कॅनची आतून खात्री करताच येत नाही.

वजनावरून अजून एक, आयबीसी पोटमाळ्यावर किंवा घराच्या स्लॅबवर ठेवू नका. भरल्यावर ती चौरस मीटरला जवळजवळ ९०० किलो भार देते आणि राहत्या घराचा स्लॅब २०० किलोच्या हिशोबाने केलेला असतो. तळमजल्याचा गाळा, खाली जमीन, तिथेच ठेवायची.

पांढऱ्या टाकीचा शेवटचा मोठा दोष म्हणजे शेवाळ. आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे आपल्या शुद्ध पाण्यात जंतू-शेवाळ रोखणारं काहीच उरत नाही, आणि पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आत जातो. दारातून ऊन येत असेल तर काही आठवड्यांत भिंती हिरव्या होतात, मग तो चिकटा पंपाच्या जाळीत आणि ब्रशच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. उपाय सोपा आहे, काळी ताडपत्री चारी बाजूंनी आणि वरूनसुद्धा घट्ट गुंडाळायची. झाकणाला फट ठेवू नका आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात टाक्या बघत फिरतात, नोटीस मिळू शकते. नोटीस राहिली बाजूला, आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं डेंग्यूने आजारी पडली तर ते आपल्या टाकीमुळे नको.

पैशांचं बोलायचं तर आयबीसी साडेपाच हजार, टेम्पोभाडं, अडॅप्टर, गॅस्केट आणि ताडपत्री धरून सात हजारांच्या आत आमचं काम झालं, आणि १००० लिटर शुद्ध पाणी रोज सकाळी तयार असतं. आयबीसीला पाचपैकी साडेचार, सोसायटीच्या टाकीला साडेतीन, निळ्या पिंपाला दीड. मला अजून एक आयबीसी घ्यायची आहे, सिरपवालीच, लेबलसकट, मधे कुणी धुतलेली नको. भांडुप-मुलुंड किंवा ठाण्याच्या बाजूला एखादा कारखाना थेट विकत असेल तर सांगा, टेम्पो घेऊन मीच येतो.